बोर घाटातले स्टेशन १:८७ मध्ये: इमारती, कातळ आणि झाडी कशी उभारावी?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार.

गेली सहा वर्षे पुण्यातल्या घराच्या एका खोलीत मी एचओ प्रमाणातला, म्हणजे मूळ मापाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा (१:८७), रेल्वे लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा देखावा, उभारतो आहे. विषय बोर घाटाचा आहे. कर्जत सोडल्यावर पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल आणि मग खंडाळा असा जो चढ आहे, त्यात शोभेल असे एक लहान स्टेशन, मागे कातळ, पुढे दरी आणि दोन्ही टोकांना बोगद्यांची तोंडे एवढा देखावा अकरा फूट लांब आणि अडीच फूट रुंद फळीवर बसवायचा आहे. वायरिंग आणि इंजिने यांविषयी या धाग्यात बोलू नये अशी विनंती आहे; चर्चा इमारती, जमीन, दगड आणि झाडी यांपुरती ठेवू या.

पहिल्या तीन वर्षांत केलेला देखावा मी गेल्या वर्षी पूर्ण काढून टाकला. त्यात कमअस्सल काही नव्हते. कातळासाठी परदेशी रबरी साचे वापरले होते, झाडे तयार मिळालेली होती, स्टेशनची इमारत तयार सुट्या भागांच्या किटमधून जुळवलेली होती आणि प्रत्येक वस्तू सुटी पाहिली तर सुबकच होती. परंतु ज्यांनी उभी नोकरी लोणावळा ते मुंबई ये-जा करून केली, त्या माझ्या मामांनी तो देखावा बराच वेळ न्याहाळला आणि ‘हा घाट कुठला रे?’ असे विचारले. त्यानंतर मी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मिळून चार वेळा कर्जत ते लोणावळा प्रवास केवळ खिडकीतून दगड पाहण्यासाठी केला. माझे मत असे झाले आहे की, घाटाचा देखावा करणाऱ्याने रंगाची बाटली उघडण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपला दगड कोणता आणि आपला महिना कोणता.

आधी दगडाविषयी. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे, म्हणून त्याचे कडे पायऱ्यांसारखे दिसतात: एक उभा कडा, त्यावर गवताची उतरती पट्टी, पुन्हा कडा. या थरांच्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ हा शब्दच पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. माझे जुने साचे आल्प्ससारख्या वळ्या पडलेल्या पर्वतांवरून घेतलेले होते, त्यांतल्या भेगा तिरक्या होत्या, आणि तिरक्या भेगांचा कातळ कितीही काळा रंगवला तरी तो बोर घाट होत नाही. आता मी फॉल्स सीलिंगच्या कामातून उरलेल्या टाइल्स आणतो, त्या हाताने मोडतो आणि मोडलेली कड बाहेर ठेवून आडव्या रचतो. मोडलेल्या कडेला जो खडबडीतपणा येतो, तो कोरून येत नाही. खऱ्या लाव्हाचा एक थर वीस मीटरचा धरला तरी १:८७ मध्ये तो तेवीस सेंटिमीटर होतो, त्यामुळे मी थराची उंची आठ-नऊ सेंटिमीटरवर आणली आहे. तीन थर दिसले की डोळ्याला सह्याद्री ओळखू येतो.

रंगाच्या बाबतीत, कोरडा बेसाल्ट, म्हणजे हा लाव्हाचा दगड, काळा नसतो. तो राखाडी-तपकिरी असतो, ओला झाल्यावर काळा होतो, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी मातीचा पट्टा असतो. हा पट्टा मी आधी लावलाच नव्हता. बोटभर रुंदीचा एकच पट्टा ओढल्यावर संपूर्ण कडा बदलला.

महिना मी आश्विन धरला आहे. गवत उंच वाढलेले असते पण शेंडे पिवळे पडू लागलेले असतात, धबधब्यांची धार बारीक झालेली असते, कौलांवरचे शेवाळ हिरव्याचे काळे होत असते आणि हवा स्वच्छ असल्यामुळे लांबचे डोंगर निळे दिसतात. एकदा महिना ठरला की भिंतीवर ओल किती उंचीपर्यंत दाखवायची, फलाटावर चिखल असेल की धूळ, छपरावर प्लास्टिकचा कागद असेल की नाही, ही सर्व उत्तरे आपोआप मिळतात. माझ्या जुन्या देखाव्यात वैशाखातली माती, श्रावणातले गवत आणि युरोपातली सूचिपर्णी झाडे एकाच चौरस फुटात होती.

काही मापे सर्वांच्या सोयीसाठी देतो. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातल्या) डब्याची बांधणी २१.३ मीटर लांब असते, म्हणजे प्रतिकृतीत साडेचोवीस सेंटिमीटर. अठरा डब्यांचा फलाट करायचा तर साधारण साडेचार मीटर लांबी लागेल, म्हणून मी पाच डब्यांवर थांबलो. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. घाटातल्या लहान स्टेशनला मात्र सखल फलाट शोभतो. तो ४५५ मिलिमीटरच्या आत असतो, म्हणून पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) त्यासाठी नेमका बसतो. घाटाचा चढ ३७ला १ आहे. एका मीटरला सत्तावीस मिलिमीटर. एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी आठ सेंटिमीटर उंची हवी असेल तर जवळजवळ तीन मीटर धाव लागते, आणि स्टेशनची सपाट जागा सोडल्यावर माझ्या फळीवर ती उरत नाही, त्यामुळे मी रुळावरून रूळ नेण्याचा विचारच सोडून दिला.

आता मला मदत हवी आहे ती कौलांसाठी, झाडांसाठी आणि पावसाळ्यात सर्व काही वाकते त्यासाठी. सध्याचे फोटो खाली जोडले आहेत.

कौलारू

घाटवाट, कड्याचा फोटो पाहून फार आनंद झाला. विटकरी पट्टा मी आजवर कोणाच्याही लेआउटवर पाहिला नव्हता.

कौलांविषयी मी माझी पद्धत सविस्तर लिहितो, कारण यात अनेक वर्षे घालवली आहेत. मंगलोरी कौल साधारण ४१० मिलिमीटर लांब आणि २३५ मिलिमीटर रुंद असते. १:८७ मध्ये ते पावणेपाच बाय पावणेतीन मिलिमीटर झाले. एकावर एक चढवल्यावर उघडे राहते ते अदमासे पावणेचार मिलिमीटर. बाजारात मिळणारे छापील कौलांचे कागद सपाट असतात आणि युरोपीय किटमधली कौले वेगळ्या आकाराची असतात, म्हणून मी कार्डशीट घेतो, ती जाड रबरी मॅटवर ठेवतो आणि शाई संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलने अडीच-पावणेतीन मिलिमीटरच्या अंतराने रेघा दाबत जातो. कागद उलटा केला की त्या रेघा उंचवटे होतात. मग त्याच्या पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या, खालच्या कडेला प्रत्येक उंचवट्याशी नखाने किंचित खाच द्यायची आणि वळचणीपासून आढ्याकडे एकावर एक चिकटवत न्यायच्या. एका लहान स्टेशनच्या छपराला साधारण सत्तर पट्ट्या आणि तीन संध्याकाळी लागतात. घाई करू नये. पट्टी अर्धा मिलिमीटर तिरकी गेली तर वर पोहोचेपर्यंत आढे वाकडे दिसते.

रंगवताना सगळे छप्पर आधी फिकट नारिंगी करावे, त्यानंतर पाच-सहा कौलांना गडद विटकरी आणि दोन-तीन कौलांना जवळजवळ नवा नारिंगी रंग द्यावा, कारण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर छपरे शाकारताना फुटलेली कौले बदलली जातात आणि जुन्यांत नवी कौले ठिपक्यांसारखी उठून दिसतात. शेवाळ आढ्याजवळ कमी आणि वळचणीला जास्त असते. झाडाची फांदी जिथे छपरावर येते तिथे ते दाट असते.

आणखी एक गोष्ट भिंतीच्या जाडीची. आपल्याकडची जुनी दगडी स्टेशने दीड फूट जाड भिंतींची असतात, आणि किटच्या भिंती एक-दीड मिलिमीटरच्या. खिडकी भिंतीच्या तोंडाशी चिकटलेली दिसली की इमारत पुठ्ठ्याची वाटू लागते. पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घेतला तर प्रत्यक्षातली ४३५ मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या जवळपासची भिंत होते. खिडकीची चौकट आतल्या बाजूने बसवावी, म्हणजे कोनाड्यात सावली पडते. दगडांच्या ओळी सुईने कोराव्यात. एक ओळ साडेतीन मिलिमीटरहून मोठी नको, आणि कोपऱ्यांचे घडीव दगड आलटून पालटून आडवे-उभे दाखवावेत. मी फक्त ही सावली आणि हे कोपरे जमावेत म्हणून एक इमारत दोनदा बांधली आहे आणि त्या कष्टांचे मला वाईट वाटत नाही.

नवखी

मी या विषयात अगदी नवीन आहे. मुंबईत राहते, जागा म्हणाल तर पलंगाच्या बाजूची चार फूट बाय दीड फुटाची फळी एवढीच आहे. माझ्या मुलीला आणि मला दोघींना डोंगरातली गाडी करायची आहे. बोर घाट या जागेत बसेल का, की हा नाद सोडावा?

घाटवाट

नवखी, नाद सोडू नका, विषय बदला. आपल्या फळीसाठी नेरळ–माथेरान उत्तम. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ केवळ ६१० मिलिमीटर अंतराचे आहेत, चढ काही ठिकाणी २०ला १ इतका आहे आणि वळणे अतिशय तीव्र आहेत, त्यामुळे लहान जागेत तीव्र वळण दिले तरी ते खोटे वाटत नाही. एन प्रमाणाचा (एचओहून लहान मॉडेलांसाठीचा) नऊ मिलिमीटरचा रूळ घेऊन इमारती आणि माणसे १:७६ ची केली, तर रूळ प्रत्यक्षातल्या ६८४ मिलिमीटरइतका होतो, जो मूळच्या बराच जवळ आहे. १:८७ धरले तर तो ७८३ मिलिमीटर होऊन रुंद दिसेल. जुम्मापट्टी किंवा वॉटर पाइप यांसारखे एक लहान स्टेशन आणि एक वळण एवढेच करा. तिथे एक गोष्ट माझ्या देखाव्याहून वेगळी असेल: वर माथेरानला जांभ्याची लाल माती आहे, खाली काळा दगड आहे. चार फुटांत डावीकडून उजवीकडे जाताना काळ्याचे लाल होत गेलेले दाखवता आले तर गाडी चढते आहे हे कोणालाही सांगावे लागणार नाही.

बोर घाटच हवा असेल तर इतिहासात थोडे मागे जा. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हापासून १९२९ पर्यंत खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटी करण्याचे स्टेशन होते. गाडी एका बाजूने वर येई, थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि उलट दिशेने पुढचा चढ सुरू होई. अरुंद फळीवर वळणाशिवाय उंची गाठण्याची याहून चांगली युक्ती मला ठाऊक नाही.

पुण्यात आलात तर मुलीला घेऊन कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांचे मिनिएचर रेल्वे म्युझियम जरूर पाहा. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले आणि एका माणसाच्या चिकाटीने केवढे काम होते ते तिथे कळते.

मेट

मी रुळांच्या देखभालीच्या कामातून निवृत्त झालो आहे. मॉडेलचे मला काही ज्ञान नाही, माझा नातू हा धागा वाचून दाखवतो. फोटो चांगले आहेत, पण एक गोष्ट सांगतो. घाटवाट साहेब, आपल्या घाटात पाणी जायला जागा नाही.

घाटातले रेल्वेचे निम्मे बांधकाम पाण्यासाठी असते. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, खडीची कड आणि कातळ यांच्यामध्ये गटार असलेच पाहिजे. कटिंगच्या डोक्यावर, वरच्या उतारावर, आणखी एक चर असतो, तो डोंगरावरून येणारे पाणी बाजूला वळवतो. धरभिंतीत ओळीने भोके ठेवलेली असतात, त्यांतून पाणी झिरपते, आणि प्रत्येक भोकाखाली भिंतीवर काळा-हिरवा ओघळ असतो. आपली धरभिंत स्वच्छ आहे. अशी भिंत दोन पावसाळे टिकणार नाही. नाला जिथे रुळाला आडवा जातो तिथे मोरी हवी, आणि मोरीच्या खाली पाणी उतरण्यासाठी दगडी पायऱ्या हव्यात, नाहीतर पाया धुऊन जातो.

दुसरे म्हणजे दरड. पावसाळ्यापूर्वी टोळ्या दोर लावून कड्यावर चढतात आणि सैल झालेले दगड पाडून टाकतात. आता पुष्कळ ठिकाणी कड्याला लोखंडी जाळीही बसवली आहे. पाडलेले दगड गटाराच्या पलीकडे रचून ठेवलेले दिसतात. रात्रीच्या गस्तीसाठी निवारा असतो, पत्र्याचा किंवा दगडी, एका माणसाला बसण्यापुरता. पावसाळ्यात रात्रभर दिवा घेऊन चालणारा गस्तवाला तिथे क्षणभर टेकतो. तो निवारा कृपया करावा.

तिसरे, उताराच्या बाजूला कॅच साइडिंग असते. मुंबईकडे उतरणारी गाडी तिथे थांबते, ब्रेक नीट आहेत हे पाहिले जाते, मगच पुढे सोडतात. गाडी आवरली नाही तर तिला चढाच्या रुळावर घालतात. आपल्या स्टेशनला हा रूळ असेल तर ते स्टेशन तिथे कशासाठी आहे हे कळेल.

घाटवाट

मेट काका, आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. सहा वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते आणि खिडकीतून पाहताना मी कड्याकडे पाहत राहिलो, त्याच्या पायाशी पाहिलेच नाही. धरभिंत काढतो आणि नव्याने करतो. नातवालाही माझे आभार सांगा.

दरम्यान, नवखी यांनी व्यक्तिगत निरोपातून खडीविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर इथेच देतो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. मुख्य मार्गावरची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते, म्हणजे १:८७ मध्ये सर्वांत मोठा खडाही पाऊण मिलिमीटरचा. बाजारात खडी म्हणून मिळणारी बरीच पाकिटे याहून जाड असतात आणि मग रुळांमध्ये धोंडे पडल्यासारखे दिसते. मी खडी मशिनवरची कच आणतो, धुतो, उन्हात वाळवतो आणि आधी रव्याच्या, मग मैद्याच्या चाळणीतून काढतो. मैद्याच्या चाळणीवर जे उरते ते घ्यायचे आणि खाली पडलेली पूड गटारासाठी आणि पायवाटेसाठी ठेवायची.

यापुढची पायरी कोणीही टाळू नये. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. कच कागदावर पातळ पसरून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जोरदार चुंबक तिच्यावरून फिरवला की पिशवीला काळी दाढी येते. पिशवी उलटी करून ते कण बाजूला टाकायचे आणि काही चिकटेनासे होईपर्यंत फिरवत राहायचे. मी पहिल्या वेळी हे केले नाही. दोन महिन्यांत एका इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाने रुळांतून असे कण ओढून घेतले, मोटार घरघरू लागली आणि शेवटी जळाली.

खडी पसरल्यावर साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याचा फवारा मारून ती पूर्ण ओली करावी आणि मगच एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी असे मिश्रण ड्रॉपरने सोडावे. कोरड्या खडीवर फेविकॉल सोडला तर त्याचे गोळे होतात. पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवण्याच्या जागेच्या, हलत्या पात्यांजवळ एक थेंबही जाता कामा नये.

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. धाग्यात किटबद्दल जो सूर लागला आहे त्याला थोडा विरोध नोंदवते.

इथे फालरसारख्या कंपन्यांची किट सहज मिळतात. फालर १९४६ पासून श्वार्त्सवाल्डमधल्या ग्यूटेनबाख या गावी आहे, आणि त्यांच्या घरांची प्रचंड, खाली झुकलेली छपरे त्या भागातल्या बर्फासाठी आहेत. ती बोर घाटात शोभणार नाहीत हे मान्य आहे. परंतु किट म्हणजे अखेर अचूक कापलेले सुटे भाग असतात. मी गर्डर पूल, पाण्याची टाकी, फलाटावरचे दिवे, शिड्या आणि कठडे किटमधूनच घेते, कारण मिलिमीटरच्या आतले काम हाताने तितके सफाईदार होत नाही. खिडक्या मात्र घेत नाही. आपल्या खिडक्यांना आडवे किंवा उभे गज असतात आणि झडपा बाहेर उघडतात. ते मी पारदर्शक शीटवर छापून घेते. कौलारू यांनी जे सत्तर पट्ट्यांचे काम सांगितले ते मनापासून आवडले, पण लहान मुले आणि नोकरी सांभाळून ज्यांना आठवड्याला दोनच तास मिळतात त्यांनी सर्व काही हाताने करण्याचा हट्ट धरला तर स्टेशन कधीच उभे राहणार नाही.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. सुट्टीत गावी येते तेव्हा स्टेशनच्या इमारतीचे समोरून फोटो घेते आणि नंतर मापे त्यातूनच काढते. दगडाच्या ओळी मोजायच्या, एका दाराची उंची माहीत करून घ्यायची आणि बाकीचे त्रैराशिकाने काढायचे. समोर डबा उभा असेल तर आणखी चांगले, कारण त्याची लांबी ठाऊक असते.

देवराई

झाडांबद्दल मी लिहितो. माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे आहे, लेआउट नाही. फक्त भावासाठी झाडे करून देतो.

बोर घाटात ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी झाडे असतात. लांबून पाहिले तर त्यांचा आकार घुमटासारखा असतो आणि कडेने एकमेकांत मिसळलेला असतो. सुटी झाडे एकेक रोवण्याऐवजी मागच्या उतारावर आधी झाडीची सलग उशी करावी आणि पुढे फक्त आठ-दहा झाडे बारकाईने करावीत. सांगाड्यासाठी वाळलेल्या तुळशीच्या काड्या सर्वोत्तम. तिचे फाटे खऱ्या झाडासारखेच बारीक होत जातात. काड्या पूर्ण वाळवून पातळ फेविकॉलमध्ये बुडवून उलट्या टांगाव्यात, म्हणजे मोडत नाहीत. पालवीसाठी स्पंजाचे तुकडे पाण्यासह मिक्सरमध्ये बारीक करून अॅक्रिलिक रंगात भिजवावेत. त्यासाठी भांडे वेगळे ठेवावे, पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

आश्विन धरला आहे हे वाचून बरे वाटले. त्या महिन्यात काटेसावर आणि पांगारा फुललेले दाखवू नका. ती फुले शिशिराच्या शेवटी, झाड निष्पर्ण असताना येतात. बहावा त्याहून उशिरा. आश्विनात मोकळ्या उतारांवर सोनकीची पिवळी फुले असतात, तीही संपत आलेली. चिमूटभर बारीक पिवळी पूड गवताच्या पट्ट्यांवर, ओळीत नव्हे तर झुबक्यांत टाकावी. कारवीची झुडपे कड्याखालच्या उतारावर दाट असतात. त्यासाठी काथ्याचे आखूड तुकडे उभे लावून वर गडद हिरवी पूड टाकली की पुरते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तो उतार जांभळा होतो. तसे वर्ष निवडायचे असेल तर श्रावण-भाद्रपदाकडे सरकावे लागेल आणि मग गवताचे शेंडे पिवळे ठेवता येणार नाहीत.

नवखी

सर्वांचे आभार. आम्ही माथेरानचे ठरवले आहे. दिवाळीत चाळीच्या अंगणात किल्ला करायचो तसे गोणपाट मातीत भिजवून डोंगर करावा असे मुलीचे म्हणणे आहे. ते चालेल का? आणि मुंबईच्या दमट हवेत हे सर्व टिकेल का?

कौलारू

चालेल, आणि पद्धतही तीच आहे. मातीच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिस घ्या. खाली पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणा, त्यावर प्लास्टरच्या राबडीत बुडवलेले जुने सुती कापड किंवा गोणपाट अंथरा. माती वाळल्यावर आक्रसते, तडकते आणि मुंग्या आणते.

दमट हवेचे म्हणाल तर पायाभूत फळीसाठी एमडीएफ वापरू नका. तो कडेने पाणी शोषून फुगतो आणि पुन्हा पूर्वस्थितीत येत नाही. मरीन प्लाय महाग पडतो, पण एकदाच घ्यायचा असतो. कार्डशीटची भिंत वाकते ती एकाच बाजूला रंग लावल्यामुळे. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी रंग किंवा प्रायमर लावला तर ताण सारखा राहतो. आतून कोपऱ्यांना लाकडी काटकोन चिकटवावेत. थर्माकोलवर स्प्रेचा रंग किंवा रबरी सोल्यूशन लावू नये, ते विरघळते.

माझे वडील बुकबाइंडर होते. ते खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर आणि बुरशी लागत नसे. मी अजूनही कागदी कामासाठी तीच खळ वापरतो, मात्र मोरचूद विषारी असल्यामुळे मुलीच्या हाती ती देऊ नका. तिला फेविकॉल द्या. लाकडाचा भुसा, काथ्या, तुळशीच्या काड्या हे सर्व वापरण्यापूर्वी टाकणखाराच्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवावे.

आणि पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन ओतणार असाल तर दिवाळीनंतर ओता. हवेत दमटपणा असताना त्यावर दुधाळ साय धरते आणि ती सहजासहजी निघत नाही. धबधब्याची धार मात्र कधीही करता येईल: काचेवर पारदर्शक सिलिकॉनच्या बारीक दोऱ्या ओढायच्या, वाळल्यावर ब्लेडने उचलायच्या आणि कड्याला लावायच्या.

घाटवाट

मेट काकांच्या सांगण्याप्रमाणे काम केले, त्याचा अहवाल देतो.

कातळाच्या पायाशी सहा मिलिमीटर रुंद गटार खोदले. खडी एका बाजूने सुटी पडून त्यात उतरू लागली, म्हणून तिथे सनबोर्डच्या पट्टीची ठेंगणी भिंत घातली. धरभिंत पुन्हा कोरली. दर दोन सेंटिमीटरवर एक भोक, वरच्या ओळीतली भोके खालच्या ओळीच्या मधोमध. प्रत्येक भोकातून पातळ काळा रंग ड्रॉपरने सोडला आणि तो आपोआप जसा ओघळला तसाच राहू दिला. ब्रशने ओढलेले ओघळ सरळ आणि सारखे येत होते. असे सोडलेले ओघळ दगडाच्या उंचवट्याशी अडखळतात, फाटतात आणि खाली जाऊन एकत्र होतात. वाळल्यावर त्यांच्या कडेला किंचित हिरवा दिला. मोरी केली, तिच्याखाली पाच पायऱ्या केल्या. वरचा चरही केला आहे, पण तो झाडीत लपला.

गस्तीचा निवारा सनबोर्डचा केला आहे. दार चोवीस मिलिमीटर उंच, आत एक बाक. बाकावर एकोणीस मिलिमीटर उंचीचा माणूस बसेना, म्हणून त्याला दारात उभा केला आणि हातात दिवा दिला. दिव्यासाठी सर्वांत लहान पिवळा एलईडी आहे. बारा व्होल्टवर त्याला १.८ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तरीही तो प्रखर वाटत होता, म्हणून वर नारिंगी रंगाचा एक हात दिला.

कॅच साइडिंगसाठी अडीच फुटांच्या रुंदीत जागा काढताना नेकारकाठ यांचा गर्डर पूल बसवण्याचा बेत सोडावा लागला. निवडायचेच होते, आणि मला साइडिंग अधिक आवश्यक वाटले.

मेट

नातवाने फोटो मोठा करून दाखवला. ओघळ बरोबर आहेत. गटारात थोडा पाला आणि दोन-तीन दगड टाका, आश्विनात ते पूर्ण साफ झालेले नसते. निवाऱ्याच्या दाराचे तोंड दरीकडे आहे, ते रुळाकडे करा. गस्तवाल्याला आत बसूनही रूळ दिसला पाहिजे.

घाटवाट

काका, निवारा अजून चिकटवलेला नाही. आज रात्रीच वळवतो.